साइटवालीचा बुधवार

सकाळी साडेसहा

चहा टाकायच्या आधी मेल. रात्री तीनच्या सुमाराला सगळ्या साइट्सचे बॅकअप होतात आणि झाल्याचे मेल येऊन पडतात. आलेले मेल मी वाचत नाही. न आलेला कोणता, तेवढं बघते. आज सांगलीच्या दवाखान्याचा नाही. सर्व्हरवर डोकावलं तर जागा संपलेली. रिसेप्शनवरच्या मुलीने रक्तदान शिबिराचे फोटो मोबाइलवरून थेट चढवलेत, एकेक पाच-सहा एमबीचा. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालते, आणि ते प्रत्येक फोटोच्या लहानमोठ्या बऱ्याच प्रती आपणहून तयार करतं. २०१९च्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो ते आपसूक छोटा करून दाखवतं, पण मूळ फाइल काही फेकून देत नाही. शिबिराला सव्वाशे रक्तदाते आणि फोटो जवळपास तितकेच. मूळ फाइली उतरवून घेतल्या, जागा मोकळी केली, बॅकअप हाताने चालू केला. तो दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतो. ज्या सर्व्हरवर साइट त्याच सर्व्हरवर बॅकअप ठेवणारे लोक अजूनही भेटतात.

एका पतसंस्थेची ठेवींच्या नव्या व्याजदरांची सूचना सहाला झळकायची होती, झळकलेली नाही. कारण साधं आहे. वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नसतं. कुणीतरी साइट उघडली की ते वेळ बघतं आणि ठरलेली कामं उरकतं. पहाटे सहाला पतसंस्थेच्या साइटवर कोण येणार? मी आत शिरले आणि सूचना लागली. सर्व्हरचंच घड्याळ दर दहा मिनिटांनी तिला हलवून जागं करील अशी सोय लावून टाकली.

सात

अपडेट. हे काम सकाळीच, कारण नऊपासून दवाखान्याच्या साइटवर नंबर लावायला लोक येतात.

वर्डप्रेसचे आकडे नवख्याला फसवतात. ६.७ वरून ६.८ ही मोठी उडी, ६.८ वरून ६.८.१ ही डागडुजी. डागडुजी २०१३च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.७ पासून आपोआप होते, त्यामुळे रात्रीत काय बदललं ते सकाळी कळतं. मोठी आवृत्ती आणि वरून जोडलेली प्लगइन मात्र मी आपोआप होऊ देत नाही. आधी साइटची हुबेहूब प्रत, तिच्यावर अपडेट, तिथे फॉर्म भरून बघायचा, पैसे भरायचं पान उघडून बघायचं, मग खरी साइट. वर्डप्रेसचा गाभा क्वचितच दगा देतो. दगा देतात प्लगइन. अधिकृत भांडारात फुकट मिळणारी प्लगइन साठ हजारांच्या आसपास आहेत, आणि प्रत्येकामागे कुठेतरी एक माणूस आहे. तो कंटाळतो, नोकरी बदलतो, प्लगइन विकून टाकतो. म्हणून मी प्लगइन निवडताना त्यात काय काय आहे यापेक्षा शेवटचा बदल कधी झाला आणि लोकांच्या तक्रारींना कुणी उत्तर देतंय का, हे आधी बघते. दहा ओळींच्या कोडने भागत असेल तर प्लगइन घेतच नाही.

दिवाळी अंकाच्या साइटवर विक्रीचं वूकॉमर्स आहे. तिथे या महिन्यात सुरक्षेखेरीज कसलंही अपडेट नाही. नवीन सोयी दिवाळीनंतर.

नऊ

फोन सुरू.

"मॅडम, साइट उघडंना झालीय बघा."

माझ्याकडे उघडते. विचारलं, वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर बघा. उघडली. म्हणजे दुकानातला राउटर. हा संवाद आठवड्यातून कुणा ना कुणाशी होतोच, आणि याचं बिल कुठल्याही करारात बसत नाही.

बाकी सगळा मजकूर व्हॉट्सॲपवर येतो. ओपीडीच्या बदललेल्या वेळा हाताने लिहून कागदाचा फोटो, संचालकांच्या सत्काराची पीडीएफ, आणि एक तीन मिनिटांचा आवाजी निरोप, ज्यात कामाचं वाक्य शेवटचं असतं. सगळ्यांच्या शेवटी, "जरा एवढं टाकून द्या ना." टाकून देते. पण महिन्यातून तिसऱ्यांदा तीच गोष्ट आली की त्या माणसाला लॉगिन काढून देते आणि फोनवर शिकवते. बरेच जण शिकतात. डॉक्टर नाही शिकले, त्यांची ती रिसेप्शनवरची मुलगी शिकली. फोटोंचं तिला आज सांगायला हवं.

साडेदहा

गुळाचे एक व्यापारी मुलाला घेऊन आले. मुंबईच्या गिऱ्हाइकाने त्यांना गूगलचा स्क्रीनशॉट पाठवलाय: दुकानाच्या नावाखाली जपानी अक्षरं, घड्याळांच्या आणि पर्सच्या जाहिराती. "आम्ही उघडतो तवा तर बरोबर दिसतीया." दिसणारच. घुसलेला कोड भेट देणारा कोण आहे ते ओळखतो. माणसाला गूळ दाखवतो, गूगलच्या यंत्राला पर्सा. मालकाला कळेपर्यंत महिने जातात.

आत जाऊन बघू म्हटलं, तर कशाच्याच चाव्या त्यांच्याकडे नाहीत. साइट करून देणारा मुलगा ओळखीतला होता. डोमेन त्याच्या नावावर, होस्टिंग त्याच्या कार्डावर, ॲडमिनचा पासवर्ड त्याच्या डोक्यात. व्यापाऱ्यांना वाटत होतं, पैसे आपण दिले म्हणजे साइट आपली.

हे मला सगळ्यात जास्त वेळा दिसतं. वर्डप्रेस, ड्रुपल, जुमला ही साइट चालवणारी सॉफ्टवेअर सगळी जीपीएल परवान्याखाली आहेत. कोड उघडा, कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. माझ्याशी नाही पटलं तर उद्या सगळा पसारा उचलून दुसऱ्याकडे जाता येतं, कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही. वर्डप्रेस स्वतःच असं जन्मलं. बीटू नावाचं एक फ्रेंच गृहस्थांचं सॉफ्टवेअर होतं, त्यांनी ते पुढे नेणं थांबवलं, तेव्हा अमेरिकेतला मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी तोच कोड घेऊन काम पुढे चालवलं आणि २७ मे २००३ रोजी पहिली आवृत्ती काढली. जुमलाही २००५ साली मॅम्बो सोडून बाहेर पडलेल्या मंडळींनी उभं केलं. म्हणजे सोडून जाण्याचा हक्क या सगळ्याच्या मुळाशीच आहे. पण डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्या हक्काचं लोणचं घालायचं का? कोड तुमचा, आणि पत्ता दुसऱ्याचा.

त्या मुलाला फोन लावला. तो काही लबाड निघाला नाही. पुण्याला आयटीत लागलाय, लग्न झालंय, गुळाची साइट विसरूनही गेला होता. होस्टिंगचे पैसे दर वर्षी त्याच्याच खात्यातून आपोआप जात होते. त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. डोमेन बाहेर काढण्याचा कोड त्याने अर्ध्या तासात पाठवला. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

मग साफसफाई. डब्ल्यूपी-सीएलआय नावाचं हत्यार आहे, त्याला सांगितलं की ते वर्डप्रेसची एकेक फाइल अधिकृत प्रतीशी ताडून बघतं. गाभ्यात दोन फाइली बदललेल्या निघाल्या. फोटोंच्या फोल्डरला ताडून बघायला मूळ प्रतच नसते, तिथे डोळ्यांनीच बघायचं. २०२१च्या मार्च महिन्याच्या फोल्डरमध्ये ढेपांचे फोटो, आणि त्यांच्यात एक पीएचपीची फाइल. फोटोंच्या फोल्डरात पीएचपीचं काहीच काम नसतं. उघडली तर पहिल्या शब्दानंतर न तुटणारी, पानंच्या पानं चालणारी अक्षरांची माळ. ना मोकळी जागा, ना ओळ. आत गुंडाळलेला कोड उलगडून चालवायचा, एवढंच त्या फाइलचं काम.

ती आली कुठून, हेही सापडलं: महागडी थीम "फुकट डाउनलोड" साइटवरून घेतलेली. इथे लोक मला चोरीवर प्रवचन ऐकायच्या तयारीने बघतात. पण बहुतेक थीमचा कोड जीपीएलमध्येच असतो, पुढे वाटायला कायद्याची फारशी आडकाठी नाही. प्रश्न आहे तो मधल्या माणसाने फाइल उघडून आत काय घालून ठेवलंय याचा. फुकट वाटणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळत असणारच ना.

थीम काढली, पासवर्ड सगळे बदलले, वापरणाऱ्यांच्या यादीत एक कुणालाच माहीत नसलेला ॲडमिन होता तो उडवला. गूगलला साइट पुन्हा तपासायची विनंती केली. जपानी पानं निकालांतून जायला काही आठवडे लागतील. डोमेन मी व्यापाऱ्यांच्या नावावर, त्यांच्या मेलवर, त्यांच्या कार्डावर घ्यायला लावलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमच्याच नावावर असू दे की, आम्हाला कशाला त्रास?" नको.

एक

जेवण. आमटी-भात, फोन उलटा ठेवून.

दोन

दिवाळी अंकाचे प्रकाशक काका. पन्नास वर्षं छपाईत गेलेला माणूस. साइटवर त्यांना मागच्या अंकांतले निवडक लेख हवेत आणि नव्या अंकाची नोंदणी.

लेख डीटीपीवाल्याकडून येतात. त्यातले जुने श्री-लिपीत टाइप केलेले. छापखान्यासाठी ते उत्तम होतं, पण ते युनिकोड नव्हे. तिथे प्रत्येक मराठी आकार कुठल्या तरी रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेला असतो. फॉन्ट काढून घेतला की लेखाच्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि उलटी प्रश्नचिन्हं उरतात. बदलून देणारी साधनं आहेत, नव्वद टक्के काम चोख करतात. उरलेलं माणसाने करायचं: रफार एक अक्षर अलीकडे-पलीकडे सरकतो, जोडाक्षरात पाय मोडलेलाच राहतो, अवतरणचिन्हं भलतीच होतात.

त्यातली सगळ्यात चिवट गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. 'दुसऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत खास 'ऱ' वापरतात; दुसरीत साधा 'र', हलन्त, आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. साइटवरच्या शोधपेटीला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात, आणि वाचकाने एक टाइप केला की दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले लेख निसटतात. लेख चढवायच्या आधी मी सगळे एकाच तऱ्हेवर आणते. काकांना हे पटायला वेळ लागला नाही. मुद्रितशोधनात आयुष्य गेलेला माणूस, ते म्हणाले, "म्हणजे खिळा सारखा दिसतो, पण केस वेगळी." अगदी तसंच.

मग दुव्यांचा प्रश्न. लेखाचं शीर्षक लांबलचक असतं, आणि वर्डप्रेस त्यावरूनच पानाचा पत्ता बनवतं. पत्त्यासाठी जागा २०० अक्षरांची. रोमनला ती भरपूर. देवनागरीतलं एकेक अक्षर युनिकोडमध्ये तीन बाइटचं, आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका मराठी अक्षराला नऊ जागा. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. बाविसाव्या चिन्हाला पत्ता खल्लास, शब्द अर्ध्यात तुटतो. व्हॉट्सॲपवर असा दुवा पाठवला की टक्क्यांची रांगोळी येते आणि लोकांना तो व्हायरस वाटतो. म्हणून शीर्षक मराठीत, पत्ता मी हाताने रोमनमध्ये चार शब्दांचा लिहिते. काकांना हे आवडत नाही. "मराठी अंकाचा पत्ता इंग्रजीत?" मलाही आवडत नाही. पण वाचक दुवा उघडायला घाबरणार असेल तर हट्ट धरून कुणाचं भलं होणार?

साडेचार

ग्रंथालय. शहरातलं जुनं, कार्यकारिणी असलेलं. त्यांची साइट ड्रुपलवर आहे. वर्डप्रेसवर का नाही, असं नवे सचिव विचारतात. कारण पुस्तक म्हणजे लेख नव्हे. पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, वर्गांक, लेखक, अनुवादक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती. ड्रुपलमध्ये असा मजकुराचा प्रकार आखायचा, प्रत्येक गोष्टीची वेगळी चौकट करायची, आणि मग हव्या त्या याद्या काढायच्या: १९६० पूर्वीची नाटकं, एका अनुवादकाची सगळी पुस्तकं. वर्डप्रेसवरही हे जमवता येतं, पण जमवावं लागतं. ड्रुपलचा तो स्वभावच आहे. शिकायला कठीण, हे मात्र खरं, आणि लहान दुकानदाराला मी ते कधी सुचवत नाही.

ही साइट ड्रुपल ७ वर होती. ७ नंतर आलेलं ८ म्हणजे नुसती पुढची आवृत्ती नव्हती, आतलं बांधकाम सिंफनी नावाच्या वेगळ्या पायावर नव्याने केलं होतं. त्यामुळे बटण दाबून वर चढायची सोय नाही. नवी साइट उभी करायची आणि जुनीतला मजकूर उपसून तिच्यात ओतायचा. जगभरच्या छोट्या संस्थांना हे झेपेना. ७ चा आधार २०२१ला संपणार होता, तो करोनामुळे पुढे ढकलला, मग परत ढकलला, आणि अखेर ५ जानेवारी २०२५ला कायमचा संपला. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत हा विषय प्रत्येक मुदतवाढीला "पुढील सभेत" गेला. आमच्या सभांचा वेग आणि ड्रुपलवाल्यांचा वेग योगायोगाने जुळला म्हणून निभावलं.

आज तिथल्या बाईंना नव्या साइटवर पुस्तक चढवायला शिकवलं. वर्डमधून मजकूर चिकटवला की त्याच्याबरोबर वर्डचे रंग, फॉन्ट आणि अंतरं येतात. साधा मजकूर म्हणून चिकटवायचं बटण त्यांना दाखवलं. चित्राखाली वर्णन लिहायची चौकट असते, ती त्यांनी रिकामी सोडली होती. ग्रंथालयात ब्रेल आणि बोलक्या पुस्तकांचा कक्ष आहे. अंध वाचकाचं यंत्र त्या चौकटीतला मजकूर वाचून दाखवतं, एवढं सांगितल्यावर बाईंनी मागची सगळी चित्रं उघडून वर्णनं लिहायला घेतली. मी निघाले तरी त्या लिहीत होत्या.

सात

बिलं. एका नव्या कोचिंग क्लासच्या सरांचा प्रश्न, जो सगळेच विचारतात: "वर्डप्रेस फुकट आहे ना? मग दर वर्षी पैसे कशाचे?" मी आता युक्तिवाद करत नाही. आजच्या दिवसाची यादी पाठवते: बॅकअप, अपडेट, साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राचं नूतनीकरण, हल्ले अडवणं, फोन. शिवाय एक कागद देते, ज्यावर डोमेन, होस्टिंग आणि ॲडमिन कुणाच्या नावावर आहे ते लिहिलेलं असतं. तिन्ही ठिकाणी त्यांचंच नाव. करार करायचा तर करा, नाही तर या कागदानिशी कुणाकडेही जा. सरांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

रात्री साडेनऊ

बुधवार म्हणून जागी आहे. ड्रुपलची सुरक्षा मंडळी बुधवारीच दोष जाहीर करतात, म्हणजे जगभरच्या साइटवाल्यांना आठवड्यातला एक ठरलेला दिवस मिळतो. त्यांची दुपार ती आपली रात्र; जाहीर होतं ते साडेनऊनंतर.

१५ ऑक्टोबर २०१४ हाही बुधवार होता. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान, कार्यालयांना सुट्टी. रात्री साडेनऊला ड्रुपल ७ मधला एक दोष जाहीर झाला: कुठलंही लॉगिन नसलेला पाहुणा थेट डेटाबेसला आज्ञा देऊ शकत होता. दुरुस्ती एका ओळीची होती. काही तासांत यंत्रं एकेक साइट चाचपत सुटली. दोन आठवड्यांनी सुरक्षा मंडळींनी सांगितलं, जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी साइट फुटली असंच धरून चालावं. सात तास म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. ही सूचना येईपर्यंत इथली दिवाळीही होऊन गेली होती.

आजची यादी आली. तीन मॉड्यूल, म्हणजे ड्रुपलची प्लगइनच, त्यातलं एकही ग्रंथालयाच्या साइटवर नाही. मॉड्यूल कमी ठेवण्याचा हा फायदा.

लॅपटॉप मिटणार तेवढ्यात काकांचा फोन. कागद महागला, अंकाची किंमत वाढवायची ठरलीय, आणि माझ्याकडून करून घेण्यापेक्षा ते स्वतः करतायत.

"अगं, मी आकडा टाकतोय आणि तो बसतच नाही. टाकला की चौकट रिकामी. आणि आता अंक विकत घ्यायचं बटणही दिसेना."

"काका, कीबोर्ड मराठीवर आहे का?"

"मग! मराठी अंक आहे."

वूकॉमर्सच्या किमतीच्या चौकटीला देवनागरी आकडे समजत नाहीत, ती ते पुसून टाकते. आणि किंमतच नसेल तर वस्तू विकता येत नाही म्हणून बटण गायब होतं. कीबोर्ड कसा बदलायचा ते सांगितलं. फोन चालू ठेवूनच त्यांनी आकडे टाकले, पुटपुटत, एकेक. जतन केलं. बटण परत आलं.

"उद्या सकाळी ते मराठी आकड्यांत दिसेल असं करून दे," म्हणाले. ते करता येतं. दहा ओळींचं काम आहे.